आपली मोजपट्टी आपल्या हाती : रॉयल कॉलेज ऑफ जनरल प्रॅक्टिशनर्सची पंचाहत्तर वर्षे

चांगला फॅमिली डॉक्टर कोणता, हे गल्लीतल्या कोणालाही विचारावे. लोक नाव घेऊन सांगतात. पण तो चांगला कशावरून, हे कागदावर उतरवायला बसले की लेखणी अडते. शस्त्रक्रिया फसली की साधली, हे चार दिवसांत कळते. तापाने फणफणलेले मूल तपासून, नको ते औषध टाळून, आईला धीर देऊन घरी पाठवणाऱ्या डॉक्टरचे यश मात्र कशात मोजायचे? ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांनी हा प्रश्न स्वतःहून अंगावर घेतला आणि त्यासाठी एक संस्था उभी केली. १९ नोव्हेंबर १९५२ रोजी तिची स्थापना झाली. १९ नोव्हेंबर २०२७ रोजी तिला पंचाहत्तर वर्षे पूर्ण होतात.

'कॉलेज' म्हटले की आपल्यापुढे वर्ग, फळा आणि हजेरीपट येतो. हे कॉलेज तसे नाही. ब्रिटनमध्ये वैद्यकाच्या एकेका शाखेतल्या डॉक्टरांनी एकत्र येऊन काढलेल्या, परीक्षा घेणाऱ्या आणि शाखेचा दर्जा राखणाऱ्या संस्थेला कॉलेज म्हणतात. फिजिशियनांचे कॉलेज सोळाव्या शतकातले आहे. फॅमिली डॉक्टरांना आपले कॉलेज मिळायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडला.

पार्श्वभूमी : १९४८ ते १९५२

५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि खिशात पैसे नसतानाही डॉक्टरकडे जाता येऊ लागले. प्रत्येकाने जवळच्या फॅमिली डॉक्टरकडे, तिथल्या बोलीत जी.पी.कडे, नाव नोंदवायचे. नोंदलेल्या प्रत्येक नावामागे डॉक्टरला ठरावीक रक्कम मिळायची. एका डॉक्टरकडे चार हजारांपर्यंत नावे असू शकत. योजना थोर होती, पण तिच्यात एक गाठ बसली होती. दवाखान्याची जागा, नर्स, मदतनीस यांचा खर्च डॉक्टरने आपल्याच मिळकतीतून करायचा होता. त्यामुळे जो दवाखाना नीट ठेवी त्याच्या हाती कमी उरे आणि जो काहीच करत नसे त्याच्या हाती जास्त.

याच सुमारास जोसेफ कॉलिंग्ज नावाचे एक ऑस्ट्रेलियन डॉक्टर इंग्लंडमधले दवाखाने पाहत हिंडत होते. नफील्ड ट्रस्टच्या मदतीने त्यांनी ५५ दवाखाने आतून पाहिले आणि आपला अहवाल २५ मार्च १९५०च्या 'लॅन्सेट'मध्ये छापला. कामगार वस्त्यांतल्या दवाखान्यांचे त्यांनी केलेले वर्णन आजही वाचवत नाही. कोंदट खोल्या, बाहेर रांगा, उभ्या उभ्या उरकलेली तपासणी, तुटक नोंदी. त्याहून मोलाचे होते त्यांचे निदान. या व्यवसायाला मानक म्हणून काही नाहीच, असे त्यांनी लिहिले. डॉक्टर काय करतो आणि कसे करतो, हे जवळजवळ सर्वस्वी त्याच्या सदसद्विवेकावर सोडलेले आहे.

अहवाल झोंबला. पाहणी एकांगी आहे, निवडलेले दवाखानेच वाईट होते, अशी पत्रे आली. तरीही ज्यांनी तो शांतपणे वाचला त्यांना पटले की कॉलिंग्ज यांनी बोट नेमक्या जागी ठेवले आहे. चांगले दवाखाने पुष्कळ होते, पण त्यांचे चांगलेपण त्या त्या डॉक्टरबरोबर यायचे आणि त्याच्याबरोबरच जायचे.

पहिले दशक : १९५२ ते १९६१

फॅमिली डॉक्टरांचे वेगळे कॉलेज काढण्याचा एक प्रयत्न १८४५च्या सुमारास होऊन फसला होता. शंभर वर्षांनी तो धागा दोघांनी उचलला. लंडनच्या स्लोन स्ट्रीटवरचे डॉ. जॉन हंट आणि लँकेशायरमधल्या प्रेस्टनचे डॉ. फ्रेझर रोझ. ऑक्टोबर १९५१मध्ये दोघांनी वैद्यकीय नियतकालिकांतून पत्र लिहून देशभरच्या सहव्यवसायींना मते विचारली आणि उत्तरांचा ओघ सुरू झाला. माजी आरोग्यमंत्री हेन्री विलिंक यांच्या अध्यक्षतेखाली सुकाणू समिती बसली.

जुन्या तिन्ही कॉलेजांना, म्हणजे फिजिशियन, सर्जन आणि प्रसूतितज्ज्ञ यांच्या संस्थांना, ही कल्पना रुचली नव्हती. फॅमिली डॉक्टरांनी आमच्या छत्राखाली एक विभाग म्हणून राहावे, असे त्यांचे म्हणणे होते. त्या मतभेदांची उजळणी करण्याचे हे स्थळ नव्हे. पुढे या संस्थांनी खांद्याला खांदा लावून काम केले. त्या वेळी मात्र समितीने फार गाजावाजा न करता कागदपत्रे तयार केली, १९ नोव्हेंबर १९५२ रोजी सह्या झाल्या आणि डिसेंबरात अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा कॉलेज कायद्याने उभे होते. काही आठवड्यांत दीड हजारांहून अधिक डॉक्टरांनी सभासदत्व घेतले. स्वतःची इमारत नव्हती, पैसा नव्हता. डॉ. हंट यांनी सचिवपदाचा भार १९५२ पासून १९६६ पर्यंत मानद म्हणून वाहिला.

पहिले अध्यक्ष कोण असावेत, याचे उत्तर मात्र सगळ्यांच्या मनात एकच होते. यॉर्कशायरच्या वेन्झलीडेल खोऱ्यातले डॉ. विल्यम पिकल्स. आयझगार्थ या खेड्यात राहून त्यांनी आयुष्यभर प्रॅक्टिस केली आणि खोऱ्यातल्या प्रत्येक साथीची नोंद ठेवली. १९२९ साली तिथे काविळीची साथ आली. ५,७०० वस्तीच्या खोऱ्यात सुमारे २५० जण आजारी पडले. पिकल्स यांनी माग काढत नेला तो एका मुलीपर्यंत. सकाळी त्यांनी तिला अंथरुणात तपासले होते आणि दुपारी ती गावच्या जत्रेत हजर होती! जत्रेला कोण गेले होते, कोण कधी पिवळे पडले, हे जुळवून त्यांनी लागण झाल्यापासून आजार दिसेपर्यंतचा काळ २६ ते ३५ दिवसांचा असतो, असे दाखवले. मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयाला हे साधले नसते. तिथे रोगी येतो आणि जातो. खेड्यातल्या डॉक्टरला कोणाचे घर कुठले आणि कोण कोणाकडे जेवायला गेले होते हेही ठाऊक असते. १९३९ साली आलेले त्यांचे खेड्यातल्या साथरोगांवरचे पुस्तक तोवर प्रमाण मानले जाऊ लागले होते.

पिकल्स यांची निवड ही कॉलेजच्या पुढच्या वाटेची खूण होती. दर्जा ठरवायचा तर आधी नोंद हवी, हे पहिल्याच वर्षांत पक्के झाले. १९५५-५६ साली शंभरावर दवाखान्यांनी वर्षभर आलेल्या प्रत्येक आजाराची नोंद केली. देशातल्या फॅमिली डॉक्टरांकडे लोक नेमके कशासाठी येतात, याचा असा हिशेब तोवर कोणी मांडला नव्हता. दरम्यान १९५४ साली स्टीफन टेलर यांचे 'गुड जनरल प्रॅक्टिस' हे पुस्तक आले होते. कॉलिंग्ज यांनी वाईट काय ते दाखवले. टेलर चांगले दवाखाने शोधत गेले आणि तिथे बसायच्या खोलीपासून केसपेपरच्या कपाटापर्यंत काय काय असते, ते त्यांनी लिहून ठेवले. मानांकनाच्या आजच्या निकषांचे मूळ शोधायचे तर ते याच पुस्तकात सापडेल.

कॉलेजच्या शाखा समुद्रापलीकडेही निघाल्या. ऑस्ट्रेलियातल्या शाखांनी १९५८ साली आपले स्वतंत्र कॉलेज काढले. त्याचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

दुसरे दशक : १९६२ ते १९७१

१९६०च्या दशकाच्या आरंभी कॉलेज लंडनच्या १४, प्रिन्सेस गेट या वास्तूत गेले. जॉन केनेडी यांचे वडील अमेरिकेचे राजदूत असताना याच घरात राहत होते. घर ऐटदार होते, पण आत चाललेले काम साधे आणि चिकाटीचे होते.

या दशकात घडले खूप. डॉ. अ‍ॅनिस गिली यांच्या समितीने १९६३ साली फॅमिली डॉक्टरच्या कामाचे क्षेत्र कोणते, याची मांडणी केली. त्याच पुढे कॉलेजच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. त्याच साली एडिंबरा विद्यापीठात या विषयाचे अध्यासन निघाले आणि रिचर्ड स्कॉट तिथे प्राध्यापक झाले. १९६५ साली कॉलेजने सभासदत्वाची परीक्षा सुरू केली आणि १९६८ पासून परीक्षेशिवाय सभासदत्व मिळेनासे झाले. १९६७ साली नावाआधी 'रॉयल' लागले.

तरी दवाखान्यांचा कायापालट झाला तो सरकारशी ठरलेल्या १९६६च्या सनदेने. ती वाटाघाट ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने केली, तिचे श्रेय त्यांचेच. मदतनीसांच्या पगाराचा ७० टक्के खर्च सरकारने उचलायचा आणि जागेच्या भाड्याचीही भरपाई करायची, असे ठरले. वर सांगितलेली गाठ इथे सुटली. नर्स आणि रिसेप्शनिस्ट दवाखान्यात आल्या, डॉक्टर गट करून एकत्र बसू लागले. पैशाची सोय झाल्यावाचून कागदावरची मानके उभी राहत नाहीत, हे या संस्थेच्या इतिहासात पुन:पुन्हा दिसते.

बर्मिंगहॅममध्ये डोनाल्ड क्रॉम्बी आणि रॉबिन पिन्सेंट या दोन डॉक्टरांनी संशोधन केंद्र चालवले. त्यांनी प्रचारात आणलेले एक साधन दिसायला अगदी मामुली होते. वय आणि लिंग यांनुसार लावलेली पेशंटांची कार्डे. पण ती लावल्यावर डॉक्टरला प्रथमच कळू लागले की आपल्याकडे साठीपुढच्या बायका किती आणि त्यांतल्या आपण किती जणींना वर्षात पाहिलेच नाही. दारात आलेल्याला तपासणे वेगळे आणि न आलेल्याची आठवण ठेवणे वेगळे.

हीच गोष्ट वेल्समधल्या ग्लिनकोरुग या खाणकामगारांच्या गावात डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी टोकाला नेली. १९६८ साली त्यांनी गावातल्या सगळ्या प्रौढांचा रक्तदाब मोजायला घेतला. जे आले नाहीत त्यांच्या मागे ते लागले. ज्यांना सेवेची गरज सर्वांत जास्त, त्यांच्याच वाट्याला चांगली सेवा सर्वांत कमी येते, असा सिद्धांत त्यांनी १९७१ साली मांडला. तो आज जगभर शिकवला जातो. त्याच १९६८ साली मँचेस्टरचे डॉ. क्लिफर्ड के यांनी कॉलेजतर्फे गर्भनिरोधक गोळीचा अभ्यास सुरू केला. त्यात १,४०० फॅमिली डॉक्टर आणि ४६ हजार स्त्रिया होत्या. संध्याकाळी दवाखाना आटोपल्यावर फॉर्म भरणाऱ्या त्या डॉक्टरांची नावे कुठे कोरलेली नाहीत. या स्मरणिकेत तरी त्यांचे ऋण मानायला हवे.

तिसरे दशक : १९७२ ते १९८१

१९७२ साली कॉलेजला राजसनद मिळाली आणि त्याच साली सहा डॉक्टरांनी मिळून लिहिलेले, भावी फॅमिली डॉक्टरच्या शिक्षणाविषयीचे पुस्तक निघाले. रोगाचे निदान एकाच वेळी शरीर, मन आणि घरची परिस्थिती या तिन्ही अंगांनी करावे, हा त्याचा गाभा. या सहांत जॉन हॉर्डर आणि डोनाल्ड अर्व्हाइन होते. अर्व्हाइन यांचे नाव पुढे येतेच. १९७६ साली संसदेने कायदा केला आणि १९८२ पासून फॅमिली डॉक्टर व्हायला तीन वर्षांचे विशेष प्रशिक्षण सक्तीचे झाले. पदवी हाती पडली की पाटी लावायची, हे दिवस संपले.

याच काळात ब्रिटनच्या औद्योगिक गावांत आणि वेल्सच्या खाणींच्या खोऱ्यांत दवाखान्यांवर दिसू लागल्या भारतीय नावांच्या पाट्या. मुंबईचे ग्रँट मेडिकल, पुण्याचे बी. जे. यांसारख्या महाविद्यालयांतून शिकून गेलेले डॉक्टर त्यांत होते. भारतीय पदव्यांना ब्रिटनमध्ये १९७५ पर्यंत थेट मान्यता होती. रुग्णालयांत बढती मिळणे कठीण, म्हणून यांतले अनेकजण फॅमिली प्रॅक्टिसकडे वळले आणि जिथे स्थानिक डॉक्टर जायला राजी नसत तिथे जाऊन बसले. १९८०च्या दशकात तिथल्या दर सहा फॅमिली डॉक्टरांमागे सुमारे एक दक्षिण आशियात जन्मलेला होता. कामगार वस्त्यांतली सेवा त्यांनी तोलून धरली. कॉलेजच्या समित्यांत आणि परीक्षकांत त्यांना जागा मिळायला मात्र वेळ लागला.

एप्रिल १९८० अखेरीस कॉलेज वेगळ्याच कारणाने बातम्यांत आले. शेजारच्या इराणी दूतावासात बंदूकधाऱ्यांनी माणसे ओलीस धरली आणि सहा दिवस चाललेल्या त्या पेचात सुटका करणाऱ्या सैनिकांचा तळ कॉलेजच्या इमारतीत पडला.

चौथे दशक : १९८२ ते १९९१

परीक्षा पास झालेला डॉक्टर वीस वर्षांनी कसे काम करतो, हे परीक्षा सांगत नाही. ते पाहायचे तर त्याच्या दवाखान्यात जायला हवे. हा विचार या दशकात रुजला, आणि मानांकनाची खरी सुरुवात इथे झाली असे म्हणता येईल.

कॉलेजने 'हा डॉक्टर आहे तरी कसा?' असा सरळ प्रश्न विचारणारा कार्यगट नेमला. त्याने चार गोष्टी पाहायच्या ठरवल्या: वैद्यकीय कौशल्य, पेशंटला डॉक्टर भेटणे किती सोपे आहे, बोलण्याची आणि ऐकण्याची हातोटी, आणि व्यवसायाची मूल्ये. पद्धत अशी की दोन-तीन सहव्यवसायी डॉक्टर ठरवून दवाखान्यात यायचे. ते बसायच्या खोलीत बसत, रिसेप्शनिस्टशी बोलत, केसपेपर काढून वाचत, पेशंटच्या संमतीने केलेले तपासणीचे चित्रीकरण पाहत आणि शेवटी डॉक्टरसमोर बसून मनातले सांगत.

केसपेपर वाचणे हे दिसते तितके सोपे नव्हते. १९११च्या विमा कायद्यापासून चालत आलेले ते छोटे, जाड कागदाचे पाकीट, लॉइड जॉर्ज यांच्या नावाने ओळखले जाणारे, प्रत्येक पेशंटच्या नावे असे. त्यात घड्या घालून कोंबलेली पत्रे, रिपोर्ट आणि डॉक्टरचे अक्षर. कोणते औषध किती वर्षे चालू आहे, ते आता का चालू आहे, हे पाकिटातून निघते का? भेट देणाऱ्यांना दवाखान्याची कळा बहुधा या पाकिटांवरून कळे. ज्या दवाखान्यांत आजारांची यादी पाकिटाच्या दर्शनी भागावर नीट लिहिलेली असे, तिथे बाकीचे पाहायला फारसे उरत नसे.

डोनाल्ड अर्व्हाइन परिषदेचे अध्यक्ष असताना १९८३ साली कॉलेजने गुणवत्तेची मोहीम सुरू केली. प्रत्येक डॉक्टरला आपण काय सेवा देतो हे सांगता आले पाहिजे आणि आपल्या पेशंटांसाठी आपण काय साधायचे हे ठरवून ते साधले का हेही पाहता आले पाहिजे, अशी तिची मागणी होती. आज हे वाचून नवल वाटणार नाही. तेव्हा अनेकांना ती घरात डोकावल्यासारखी वाटली. दोन्ही बाजूंच्या ज्येष्ठांनी संयम राखला आणि चर्चा पुढे नेली.

१९८५ साली भेटींचा अहवाल निघाला. १९८९ साली फेलोशिपचा नवा मार्ग खुला झाला. तोवर फेलोशिप हा ज्येष्ठांना मिळणारा मान होता. आता ठरवून दिलेल्या निकषांवर आपला दवाखाना तपासून घेऊन कोणालाही ती मिळवता येऊ लागली. डॉ. डेनिस परेरा ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या योजनेला आकार दिला. निकष छापील होते, सगळ्यांना आधीच माहीत होते आणि त्यांतल्या प्रत्येकाला आधार दाखवावा लागे. भल्या ज्येष्ठांच्या पारखीवर चालणारी गोष्ट लेखी कसोटीवर आली. या संस्थेने केलेल्या कामांत हे पाऊल सर्वांत धाडसाचे वाटते, कारण निकष लावून घ्यायला पुढे आलेले पहिले डॉक्टर आधीपासूनच नावाजलेले होते. नापास झाले असते तर गमवायला त्यांच्याकडे खूप होते.

पाचवे दशक : १९९२ ते २००१

डॉक्टरवरून नजर दवाखान्याकडे वळली. फोन उचलणारी मुलगी उद्धट असेल, किंवा रक्ताचा रिपोर्ट येऊन चार दिवस टेबलावर पडून राहत असेल, तर डॉक्टर कितीही हुशार असून काय उपयोग? १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात कॉलेजच्या स्कॉटलंड शाखेने दवाखान्याच्या सगळ्या चमूसाठी गुणवत्ता पुरस्कार सुरू केला. डॉक्टर, नर्स, व्यवस्थापक, रिसेप्शनिस्ट या सगळ्यांनी मिळून पुराव्यांची फाइल बांधायची आणि मग तपासनिसांची तुकडी येऊन प्रत्यक्ष पाहायची. पुढे ही योजना स्कॉटलंडबाहेरही पसरली.

इकडे ऑस्ट्रेलियातल्या कॉलेजने १९९६ साली दवाखान्यांच्या मानकांची पहिली आवृत्ती काढली. १९९८ पासून तिथल्या सरकारने प्रोत्साहनपर रक्कम मानांकनाशी जोडली आणि बहुसंख्य दवाखाने त्यात आले. लसींचा फ्रिज दोन ते आठ अंशांत आहे का, त्याची नोंद रोज होते का, इथपासून ती मानके सुरू होतात. पाचवी आवृत्ती २०१७ साली निघाली. एका ऑस्ट्रेलियन डॉक्टरच्या अहवालातून लंडनचे कॉलेज जन्माला आले होते, त्याच कॉलेजच्या ऑस्ट्रेलियन शाखांतून निघालेल्या संस्थेने जगाला दवाखान्यांच्या मानांकनाचा सर्वांत चालता नमुना दिला.

आणि मग शिपमन. मँचेस्टरजवळच्या हाइड गावात एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या हॅरॉल्ड शिपमनला जानेवारी २००० मध्ये पंधरा पेशंटांच्या खुनांबद्दल शिक्षा झाली. नंतरच्या न्यायालयीन चौकशीत त्याने मारलेल्यांची संख्या २१५ निघाली. त्याचे पेशंट त्याला उत्तम डॉक्टर मानत. घरी येतो, वेळ देतो, म्हाताऱ्यांशी प्रेमाने बोलतो, असे ते सांगत. चांगला डॉक्टर कोणता हे लोकांना ठाऊक असते, असे या लेखाच्या सुरुवातीला म्हटले. हाइडच्या लोकांना ते ठाऊक नव्हते, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता. कोणत्याही सत्कारग्रंथात हा परिच्छेद टाळावासा वाटेल. पण तो वगळला तर पुढच्या पंचवीस वर्षांत मानके का कडक झाली, हे उमजणार नाही.

सहावे दशक : २००२ ते २०११

सर डोनाल्ड अर्व्हाइन १९९५ ते २००२ या काळात जनरल मेडिकल कौन्सिलचे अध्यक्ष होते; त्या पदावर बसलेले ते पहिले फॅमिली डॉक्टर. डॉक्टरने ठरावीक वर्षांनी आपली पात्रता पुन्हा सिद्ध करावी, हा आग्रह त्यांनी धरला. बराच काथ्याकूट होऊन डिसेंबर २०१२मध्ये ती व्यवस्था अमलात आली.

एप्रिल २००४ पासून सरकारने डॉक्टरांचे उत्पन्न गुणवत्तेशी जोडले. १४६ निकष, एकूण १,०५० गुण, आणि प्रत्येक गुणामागे पैसे. मधुमेह, दमा, रक्तदाब यांच्या नोंदी एकदम सुधारल्या. पहिल्याच वर्षी दवाखान्यांनी सरासरी नव्वद टक्क्यांहून अधिक गुण मिळवले. पण मोजता येते तेवढ्याकडेच लक्ष जाते, अशी खंत अनेक जुन्या सभासदांनी बोलून दाखवली, आणि ती रास्त होती. पेशंट रडू आवरत बसलेली असताना डॉक्टरचे डोळे संगणकावरच्या रकान्यात रक्तदाबाचा आकडा शोधत असतील, तर ते १९८५च्या चार कसोट्यांपैकी तिसरीत बसत नाही.

कॉलेजने म्हणूनच स्वतंत्र मानांकनाची आखणी सुरू ठेवली. मँचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांबरोबर ११२ निकष तयार झाले. पेशंटचा अनुभव, औषधे आणि उपकरणे, कर्मचारी, शिकत राहण्याची सवय, आरोग्यातली विषमता, कारभार अशा सहा क्षेत्रांत ते विभागलेले होते. २००८-०९ साली इंग्लंडमधल्या ३६ दवाखान्यांत ते लावून पाहिले. काही निकष प्रत्येकाने पाळायचेच असे होते, काही पुढे वाढण्यासाठी होते. दवाखान्यांना हे काम उपयोगाचे वाटले; त्याला लागणारा वेळ मात्र जड गेला. ज्या दवाखान्यात एक डॉक्टर, एक नर्स आणि एक रिसेप्शनिस्ट, तिथे फाइल कोणी बांधायची? छोट्या दवाखान्यांचा हा प्रश्न मानांकन करू पाहणाऱ्या प्रत्येक देशात येतो. आपल्याकडच्या एका खोलीच्या दवाखान्यांना तो कोणी समजावून सांगायला नको.

२००७ पासून कॉलेजची परीक्षा प्रत्येक नव्या फॅमिली डॉक्टरसाठी अनिवार्य झाली. सभासदांचे कॉलेज आता सगळ्या व्यवसायाचे दार झाले.

सातवे दशक : २०१२ ते २०२१

२०१२ साली कॉलेज ३०, युस्टन स्क्वेअर या नव्या वास्तूत आले. एप्रिल २०१३ पासून इंग्लंडमधल्या प्रत्येक दवाखान्याला केअर क्वालिटी कमिशन या सरकारी नियामकाकडे नोंदणी करणे बंधनकारक झाले. सेवा सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, आपुलकीची आहे का, लोकांच्या गरजेला धावते का, कारभार नीट चालतो का, असे पाच प्रश्न घेऊन निरीक्षक येऊ लागले. दहांपैकी नऊ दवाखाने चांगले किंवा उत्कृष्ट ठरले. ऐच्छिक मानांकनाची जागा कायद्याने घेतली. तपासणीच्या आदल्या रात्री फायली लावत बसणारे डॉक्टर कामाचा ताण सांगू लागले, तेव्हा कॉलेजने ती बाजू सरकारपुढे ठामपणे मांडली. दर्जा नको, असे कॉलेजने कधी म्हटले नाही. तपासायला येणारा शिकवायलाही आला पाहिजे, ही १९८५ची धारणा त्याने सोडली नाही.

परदेशांत शिकलेल्या डॉक्टरांचे परीक्षेतले निकाल कमी का लागतात, हा प्रश्न २०१४ साली लंडनच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला. परीक्षा कायदेशीर ठरली, आणि तिच्यातली तफावत कमी करण्याची जबाबदारीही अधोरेखित झाली. चार वर्षांनी, २०१८ साली, कॉलेजने आपल्या दालनात स्थलांतरित डॉक्टरांवर प्रदर्शन भरवले. खाणींच्या खोऱ्यांत चाळीस वर्षे काढलेल्यांची छायाचित्रे आणि आठवणी त्या भिंतींवर आल्या.

२०२० साली कोरोना आला तेव्हा पिकल्स यांचा वारसा कामी आला. बर्मिंगहॅमच्या केंद्रातून १९६०च्या दशकापासून दर आठवड्याला गोळा होणाऱ्या आजारांच्या नोंदींचे जाळे ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीने चालूच होते. नवा विषाणू वस्तीत कुठवर शिरला आहे हे पाहण्यासाठी त्याच जाळ्यातल्या दवाखान्यांनी नमुने दिले.

आजचे काम

सभासदांची संख्या आज पन्नास हजारांच्या वर आहे. परीक्षा, अभ्यासक्रम, संशोधन ही कामे चालू आहेतच. मानांकनाच्या बाबतीत कॉलेजने अलीकडे लहान, नेमक्या विषयांकडे मोर्चा वळवला आहे. माजी सैनिकांची दखल घेणाऱ्या दवाखान्यांना वेगळे मानांकन मिळते. दवाखान्यात एक जण त्या कामाचा प्रमुख असतो आणि नवीन पेशंटला तुम्ही सैन्यात होता का, असे आवर्जून विचारले जाते.

त्याहून मनाला भिडतात ती डॅफोडिल मानके. मेरी क्युरी या सेवाभावी संस्थेबरोबर २०१९ साली ती तयार झाली. गंभीर आजाराच्या अखेरच्या टप्प्यातल्या माणसांची आणि त्यांच्या घरच्यांची काळजी दवाखान्याने कशी घ्यावी, याची ही आठ मानके आहेत. बाहेरून कोणी तपासायला येत नाही. दवाखान्यातली माणसेच आठांतले एक निवडतात आणि महिन्यात कधीतरी जेवणाच्या सुट्टीत एकत्र बसतात. मागच्या काही महिन्यांत आपले कोण कोण पेशंट गेले, त्यांची नावे समोर असतात. यांच्या शेवटच्या दिवसांची चाहूल आपल्याला वेळेत लागली होती का? घरीच राहायचे होते त्यांना घरी राहता आले का? मागे राहिलेल्या नवऱ्याला किंवा बायकोला नंतर कोणी फोन केला का? रिसेप्शनिस्टला आठवते की त्या गृहस्थांच्या बायकोने औषधासाठी तीनदा फोन केला होता. नर्स ते लिहून घेते, आणि पुढचे नाव वाचले जाते.